हब गिअरच्या टूरिंग सायकलला कोणतं हँडल बसवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागच्या चाकात शिमानोचा नेक्सस ८ हब आहे, म्हणजे आठही गिअर चाकाच्या मधल्या डब्यात बंद आहेत, आणि पुढे सरळ हँडल आहे. पावसाळ्यात सामान लादून नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणूपर्यंत जायचंय. दोनेक तासांत हात बधिर होतात आणि ग्रुपमधले सगळे म्हणतात, ड्रॉप हँडल (रेसिंग सायकलला असतं तसं खाली वळलेलं) टाक. टाकावं का?

माझं मत स्पष्ट आहे, टाकू नका. ड्रॉप हँडल वाईट म्हणून नव्हे, तर तुमच्या सायकलला हब गिअर आहे म्हणून. डिरेलरच्या, म्हणजे उघड्या दातेरी चक्रांवर साखळी सरकवून गिअर बदलणाऱ्या सायकलला आधी हँडल निवडावं आणि मग त्यावर बसणारे शिफ्टर, म्हणजे हाताने गिअर बदलायची साधनं, आणावीत, बाजारात ढीगभर मिळतात. हब गिअरचं उलटं आहे. तिथे आधी शिफ्टर बघायचा. तो जिथे नीट बसेल आणि हात न उचलता फिरवता येईल, तेच तुमचं हँडल.

सरळ, मागे वळलेलं किंवा फुलपाखरू (पंखांसारखं दोन्हीकडे गोल वळवून टोकं चालवणाऱ्याकडे आणलेलं), या सगळ्या हँडलांची मुठीकडची नळी बाहेरून २२.२ मिलिमीटर असते. नेक्ससचा फिरवायचा शिफ्टर, शिमानोच्याच अल्फिन हबचा अंगठ्याने दाबायचा शिफ्टर, रोलॉफच्या १४ गिअरच्या हबचा शिफ्टर, हे सगळे याच मापाचे. ड्रॉप हँडलची नळी २३.८ ची. फरक जेमतेम १.६ मिलिमीटरचा, पण तेवढ्याने शिफ्टर आत सरकत नाही, आणि सरकला असता तरी पुढच्या वळणावरून गेला नसता. इथे एखादा फिटर म्हणेल, ‘थोडं घासून बसवून देतो.’ अजिबात घासू देऊ नका. ॲल्युमिनियमची नळी मुळात पातळ असते. घासलेल्या जागी ती खचते आणि भरल्या सायकलवर, उतारावर, ब्रेक दाबतानाच तुटते.

मग रेसिंग सायकलला असतो तसा ब्रेक आणि गिअर एकत्र असलेला लिव्हर लावला तर? चालत नाही. हबला प्रत्येक गिअरसाठी ठरावीक लांबीची वायर ओढली जावी लागते आणि त्या लिव्हरची ‘टक’ वेगळ्या मापाची असते. जे-टेक नावाचा एक शिफ्टर नेक्सस आणि अल्फिनच्या ८ गिअरच्या हबसाठी मिळतो, तो ड्रॉप हँडलच्या टोकाला बसतो. स्टर्मी-आर्चरचेही टोकाला बसणारे शिफ्टर आहेत, पण ते त्यांच्याच हबसाठी. म्हणजे मार्ग आहे. बाहेरून मागवण्याचा खर्च बाजूला ठेवू. माझी खरी अडचण चढावर आहे.

हब गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडावा लागतो, नाहीतर गिअर पडत नाही. विशेषतः चढावर, जोर देऊन मारत असताना. त्र्यंबकच्या पुढे तोरंगण घाटात परतीच्या वेळी सामान घेऊन वर येताना हे फार जाणवतं. सायकल आधीच रेंगाळत असते. जोर सोडला की अर्ध्या पेडलात वेग मरतो. तेवढ्या वेळात गिअर पडायला हवा आणि पाय परत बसायला हवा. शिफ्टर मुठीखाली असेल तर मनगट वळवलं की झालं. तो ड्रॉपच्या खालच्या टोकाला असेल, तर वर धरलेला हात सोडायचा, खाली न्यायचा, गिअर टाकायचा आणि परत वर आणायचा. हे सगळं सायकल डगमगत असताना, शेजारून ट्रक जात असताना. सपाट रस्त्यावर याचं काही वाटत नाही. घाटात वाटतं, आणि नाशिकहून पश्चिमेला कुठेही गेलात तरी घाट आहेच. पेठ रस्त्याला सावळघाट, मुंबईच्या वाटेला कसारा.

हब गिअरचा मोठा फायदाही शिफ्टरच्या जागेवरच ठरतो. हा गिअर उभ्या उभ्या बदलता येतो. मेन रोडच्या गर्दीत अचानक थांबलात, तर थांबल्या जागी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येऊन निघता येतं. एक हात ब्रेकवर आणि दुसरा शिफ्टरवर असला तर हे आपसूक होतं.

तुमच्या ग्रुपचं म्हणणं मला कळतं. नाशिकमध्ये ड्रॉप हँडलला मान आहे आणि तो रास्त आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून इथे किती लोकांनी सायकल हातात घेतली! पण तिथे घड्याळ आणि वारा यांच्याशी सामना असतो, तिथे वाकून बसणं हवंच. तुम्ही ताशी १५-१६ किलोमीटरच्या वेगाने पॅनिअर, म्हणजे चाकाच्या बाजूंना लटकवायच्या बॅगा, घेऊन जाणार. त्या वेगाला वाकण्याचा फायदा थोडा आणि मनगटाचा आराम जास्त महत्त्वाचा.

आता हात बधिर होण्याबद्दल. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस दबतेय. आधी सीट बघा. तिचं नाक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातावर येतो. कोणतंही हँडल तो भार काढू शकत नाही. सीट सपाट करून आठवडाभर चालवून बघा. तरीही त्रास राहिला तर हँडलकडे वळा.

एक साधी गोष्ट करून बघा. खुर्चीत बसा, दोन्ही मुठीत एकेक पेन धरा, डोळे मिटून हात सायकलवर असल्यासारखे सैल पुढे करा आणि डोळे उघडा. दोन्ही पेनं एका सरळ रेषेत नसतील. त्यांची बाहेरची टोकं तुमच्याकडे वळलेली दिसतील. तो तुमच्या मनगटाचा नैसर्गिक कोन. सरळ हँडल त्याला बळजबरीने सरळ करतं आणि त्याचा हिशेब तळहाताच्या कडेला चुकवावा लागतो.

म्हणून माझी पहिली पसंती मागे वळलेल्या हँडलला, साधारण ३० ते ४५ अंश वळण असलेल्या. शिफ्टर तसाच बसतो, ब्रेक लिव्हर तेच राहतात, मूठ मनगटाच्या कोनात येते. शिफ्टर आणि मूठ मावेल इतका शेवटचा भाग सरळ आहे ना, एवढं दुकानात मोजून घ्या. वाऱ्याची सोयही यावर होते. आषाढात त्र्यंबककडे जाताना वारा समोरून येतो, तेव्हा वाकावंसं वाटतंच. त्यासाठी ब्रेक लिव्हरच्या आतल्या बाजूला दोन छोटी शिंगं बसवा, म्हणजे एरवी हँडलच्या टोकाला लावतात तीच, फक्त आत. ती धरली की कोपरं आत येतात, छाती खाली जाते. तिथून ब्रेक मात्र हाताशी नसतो, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावरच वापरायची.

दुसरी पसंती फुलपाखरू हँडल. हात बदलायला त्यावर जागाच जागा. शिफ्टर आणि ब्रेक तुमच्याकडच्या उघड्या टोकांवरून आत सरकतात, काही खटपट नाही. दोन गोष्टी मला खटकतात. पुढची कड धरली की ब्रेक हाताशी नसतो, आणि पुढची बॅग लावायला जागा अडचणीची होते. लांबच्या सपाट रस्त्यांना, खानदेशाकडे वगैरे जायचं असेल, तर मात्र मी हेच सुचवेन.

घेताना स्टेमची, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या पुढच्या तुकड्याची, पकड मोजा. २५.४ आणि ३१.८ मिलिमीटर ही दोन मापं जास्त चालतात. जुन्या ड्रॉप हँडलांची २६.० असते. २५.४ चं हँडल २६ च्या स्टेममध्ये आवळून बसवलं तर खड्ड्यात ते फिरतं. मागे वळलेल्या हँडलने हात बऱ्यापैकी जवळ येतात, तेव्हा स्टेम थोडा लांब लागेल. ड्रॉपचं बरोबर उलटं. ते हात इतके पुढे नेतं की सरळ हँडलसाठी बनलेली फ्रेम अचानक लांब वाटायला लागते. शिवाय तुमचे ब्रेक व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून दाबणारे लांब हातांचे) असतील तर ड्रॉपचे नेहमीचे लिव्हर पुरेशी वायर ओढत नाहीत, टेक्ट्रो आरएल५२० सारखे वेगळे लिव्हर घ्यावे लागतात. खर्च असा वाढत जातो.

हँडल बदललं की केबलचं बाहेरचं आवरण नवीन आणि पुरेसं लांब टाका. जुन्यावर भागवलं तर हँडल पूर्ण वळवल्यावर आवरण ताणलं जातं आणि गिअर जागचा हलतो. बसवून झाल्यावर शिफ्टर चौथ्या गिअरवर ठेवा आणि मागे हबपाशी दोन पिवळ्या खुणा एका रेषेत आल्यात का बघा. नसतील तर शिफ्टरजवळची केबलचा ताण कमी-जास्त करायची नळी थोडी थोडी फिरवा, मग पहिल्यावर जाऊन परत चौथ्यावर या आणि पुन्हा बघा. नवीन केबल पहिल्या एक-दोन फेऱ्यांत थोडी सैल होते, तेव्हा डहाणूला निघण्याआधी गंगापूर धरणापर्यंत एक चक्कर मारा आणि खुणा परत जुळवा.

फ्रेमची वरची नळी आणि सध्याचा स्टेम किती लांब आहे ते मोजून कळवलंत, तर नवीन स्टेम साधारण किती लांबीचा घ्यावा हे सांगता येईल.