वाचकांचे प्रश्न: गाडी जालन्यात अन् चलान भलत्याच शहरातलं

प्रश्न : मपली बाईक २०१६ ची, एमएच २१ पासिंग. जालना-अंबड सोडून कधी बाहेर गेली नाही अन् मोबाईलवर विनाहेल्मेट ई-चलान आलं मोठ्या शहरातलं, फोटोत तर स्कुटी दिसायली! भरून मोकळं व्हावं का? अन् नवी नंबरप्लेट बसवावीच लागते का?

उत्तर : भरू नका दादा, इतक्यात तरी. एकदा पैसे भरले की चूक कबूल केल्यासारखंच होतं, मग भांडायचं कशावर? चलानातला फोटो सेव्ह करा, आरसी अन् आपल्या गाडीचा मागून-पुढून फोटो काढा, अन् महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका, सोबत जवळच्या वाहतूक शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्याच, पोच नसली की आपण अर्ज दिला होता हे कोणी मानत नाही. बहुतेक कोणीतरी तुमचा नंबर रंगवून फिरायलंय, तसं वाटलं तर पोलिसांत पण कळवा.

प्लेटचं म्हणाल तर १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे ही नवी जास्त सुरक्षेची नंबरप्लेट, लागतेच. होलोग्राम, लेझरनं कोरलेला नंबर अन् एकदा बसवलं की न निघणारं लॉक, त्यामुळं नक्कल करणं अवघड जातं. पुढच्या-मागच्या प्लेटशिवाय काचेवर लावायचं तिसरं, नंबराचं स्टिकर कारला असतं, दुचाकीला नाही, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. अन् प्लेटवर ‘दादा’ दिसंल असे वाकडे आकडे काढायची हौस असंल तर ती घरात भिंतीवर करा.

कागदं डिजीलॉकरमधी दाखवले तरी चालतात.