तुमचा प्रश्न असा: घरी इंटरनेट फोन बनवायचाय, सगळं ओपन सोर्स हवं. कंट्रोलर चिपांचे मेगाहर्ट्झ बघता अर्डुइनो उनो पुरेल, की ईएसपी ३२ किंवा एसटीएम ३२ घ्यावा?

उनोचं आधी मिटवू. आर ३ पर्यंतच्या उनोत रॅम २ केबी. इंटरनेटवर कॉल जोडायची जी ठरलेली बोली, त्या एसआयपीचा कॉल लावताना जाणारा एक इन्व्हाइट मेसेजच सहज १ केबीच्या वर जातो, म्हणजे 'हॅलो' म्हणायच्या आधीच अर्धंअधिक घर भरलं. उनो दुसऱ्या कशाला तरी ठेवा.

मी सांगलीत रिपेअरिंग करतो. मेव्हण्याची तासगावजवळ बेदाण्याची शेड आहे. तिथं मोबाइलला रेंज नाही, पण घरातलं वायफाय पोचतं. म्हणून घर ते शेड असा फोन करून दिला, मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर कॉल जोडून देणारं सॉफ्टवेअर, अ‍ॅस्टरिस्क. त्यावरून सांगतो.

तुम्ही मेगाहर्ट्झची तुलना करताय, पण घोडं तिथं अडत नाही. जी.७११ या आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीत सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट. २० मिलिसेकंदांचं एक पाकीट धरलं तर १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट हेडर, अशी सेकंदाला ५० पाकिटं. आयपीच्या पातळीवर सेकंदाला ८० किलोबिट झाले. एवढं काम कुठलीही बऱ्यापैकी ३२ बिटी चिप झोपेत करेल. बघायचं ते रॅम, नेट कुठून येणार आणि आवाज आत कसा येणार. शेवटचं सगळ्यात जास्त.

मी काय केलं, तर साधा कंडेन्सर माइक आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर सरळ ईएसपी ३२ च्या आतल्या एडीसीला (आवाजाचे आकडे करणाऱ्या भागाला) जोडला. फोन लागला, आवाजही आला, पण मागं सतत घुर्रर्र. आमच्या धंद्यात असा आवाज आला की माणूस पहिल्यांदा लाइटीला शिव्या घालतो. आपली लाइट ५० हर्ट्झची. अर्थिंग तपासलं, शेजारच्या मोटारीवर आळ घेतला, अ‍ॅडॉप्टर बदलले. शेवटी पॉवर बँकेवर लावला, तरी घुरघुर तशीच! मग ट्यूब पेटली. पाकिटंही सेकंदाला ५० च जातात. दर पाकिटाला वायफाय करंट ओढतं, सप्लाय खचका खातो आणि तोच माइकमध्ये शिरतो. पाकीट ३० मिलिसेकंदांचं केलं तशी घुरघुर जाड झाली, म्हणजे चोर सापडला.

उपाय म्हणून आयएनएमपी ४४१ हा डिजिटल माइक आणला. त्याला सप्लायच्या दोन आणि सिग्नलच्या तीन तारा लागतात, आणि भंगारातून आणलेल्या लँडलाइनच्या रिसीव्हरच्या स्प्रिंगसारख्या वायरीत ताराच चार! त्यातल्या दोन ऐकायच्या कॅप्सूलला. पुन्हा मान खाली. अखेर ईएस ८३८८ कोडेकचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा परत आवाज करणाऱ्या चिपचा) बोर्ड फोनच्या पेटीत बसवला: दोन तारा माइकला, दोन कानाला, हिशेब चुकता. कोडेकच्या अ‍ॅनालॉग सप्लायला वेगळा रेग्युलेटर दिला आणि घुरघुर गेली. रिसीव्हर कानाला लागत असल्यानं एको कॅन्सलेशनच्या (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरला तर तो गाळायच्या) भानगडीतही पडावं लागलं नाही. स्पीकरफोन करायचा असेल तर ते काम फोनएवढंच मोठं आहे, पहिल्या फटक्यात नको.

दोन फोनांचे क्रिस्टल (चिपला ताल देणारे) कधीच तंतोतंत जुळत नाहीत. फरक दहा लाखांत १०० असला तरी सेकंदाला ०.८ नमुना जास्त किंवा कमी पडतो, म्हणजे दर २०० सेकंदांनी एक अख्खं पाकीट. कोडमध्ये याची सोय नसेल तर बफर (आलेला आवाज थोडा वेळ साठवायची जागा) हळूहळू भरतो किंवा रिकामा होतो आणि मधेच 'टक' होतं. मी बोलण्यातल्या शांत जागेत नमुने गाळतो किंवा दुप्पट करतो. मेव्हण्याला आजवर कळलेलं नाही.

आता निवड. वायफाय हवं आणि लवकर बोलायचं असेल तर ईएसपी ३२. ५२० केबी रॅम, दोन कोर, कोडेकला जोडायला आयटूएस (डिजिटल आवाजाची जोडणी) आहे. एका कोरवर नेट, दुसऱ्यावर आवाज. पण तुम्ही 'सगळं ओपन सोर्स' लिहिलंय, तर त्याच्या वायफायचा गाभा बंद लायब्ररी म्हणूनच येतो हे आधीच माहीत असू द्या. ते खटकत असेल तर एसटीएम ३२ एफ ४०७ घ्या आणि वायर ओढा: १९२ केबी रॅम, इथरनेट मॅक (वायरीच्या नेटचा पाकिटं हाताळणारा भाग) आतच, बाहेर लॅन ८७२० सारखी फाय चिप (प्रत्यक्ष वायरीवर सिग्नल टाकणारी) लावायची, वर एलडब्ल्यूआयपी हे नेटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्यातली ओळ न् ओळ वाचता येते. फक्त त्याचा डिस्कव्हरी बोर्ड घेऊ नका. त्यावर ऑडिओची चिप आहे, पण लॅनचं सॉकेट नाही.

मला विचाराल तर पहिला फोन ईएसपी ३२ वरच करा आणि एसआयपीचा कोड चिपला चिकटवून लिहू नका, म्हणजे पुढं एसटीएमवर नेता येईल.

आणि हो, बोर्ड घेताना ३८ पिनांचा घ्या. कोडेकला जो मास्टर क्लॉक (मुख्य ताल) लागतो तो ईएसपी ३२ मध्ये शून्य, एक किंवा तीन याच पिनांवर निघतो. एक आणि तीन सिरियलला गुंतलेल्या, आणि बऱ्याच ३० पिनी बोर्डांवर शून्य नंबरची पिन बाहेर काढलेलीच नसते. माझा पहिला बोर्ड असाच ड्रॉवरमध्ये पडलाय.