ठरावीक मुलंच हात वर करतात तेव्हा

ताई, पुढच्या बाकावरची तीच तीन-चार मुलं हात वर करतात आणि बाकीचा वर्ग खाली मान घालून बसतो, असं तुम्ही लिहिलंय. मालवणच्या किनाऱ्यावरच्या शाळेत मी हेच सोसलंय, म्हणून सविस्तर लिहिते. हो-नाहीचे प्रश्न टाळा वगैरे डी.एड.लाच शिकवतात, ते सोडून देते.

आधी थांबायला शिका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला १९७०च्या दशकात दिसलं की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. उत्तर संपल्यावरही तेवढंच थांबायचं. लगेच ‘शाब्बास’ म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. आणि नाव प्रश्नाच्या आधी घेऊ नका. ‘संदेश, सांग’ म्हटलं की संदेश सोडून सगळे सुटतात.

मला सर्वांत महाग पडला तो एका कार्यालयाचा आदेश. तासाचे सगळे प्रश्न पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, आधीच लिहायचे, आणि तपासणीला आलेले साहेब मागे बसून ते मोजणार. मुलं विचार करत असतील तो वेळ त्यांच्या तक्त्यात रिकामा दिसे. शेरा आला, ‘प्रश्नांची संख्या अपुरी’. मुलांची उत्तरं कुठे नोंदवायची असं विचारलं, तर तसा रकानाच नाही म्हणाले. वर्षभर आमच्या भागातल्या शाळांत प्रश्नांची नुसती सरबत्ती चालली. नुकती तोंड उघडू लागलेली मागच्या बाकावरची पोरं पुन्हा मिटली. त्याचा राग मला अजून आहे. धड्याचे एक-दोन मुख्य प्रश्न लिहून न्यावेतच, मीही नेते. पण पुढचा प्रश्न मुलाच्या उत्तरातून निघतो, तो आदल्या रात्री टाचणात कसा लिहिणार?

सातवीच्या भूगोलातली भरती-ओहोटी घ्या. ‘भरती कशामुळे येते?’ ‘चंद्रामुळे.’ संपलं. त्याऐवजी विचारा, ‘आज दहाला भरती होती, उद्या किती वाजता येईल? कशावरून?’ दोघादोघांना आपसात बोलू द्या. होडीवर जाणाऱ्याच्या घरातलं पोर म्हणेल, ‘रोज पाणी उशिरान येता’. किती उशिरा, ते वर्गाला काढू द्या. साधारण पन्नास मिनिटांवर येतात. मालवणीत बोललं तर मध्येच प्रमाणभाषा शिकवू नका, हे माझं ठाम मत आहे. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द त्याच्या घरचे आहेत. पुस्तकातली अमावास्या-पौर्णिमा आणि अष्टमी त्यांनाच जोडायची.

पावसात पत्र्याच्या आवाजाने काही ऐकू येत नाही, तेव्हा सगळ्यांना पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरायला सांगा. गप्प मुलांच्या डोक्यात काय आहे ते तेव्हाच दिसतं. मी आता उन्हाळ्यातही हे करते.

माझा अनुभव छोट्या पटाच्या शाळांचा आहे. साठ मुलांच्या वर्गात किंवा दहावीला सगळं असंच जमेल असं नाही. तुमची इयत्ता आणि पट कळवा, म्हणजे पुढच्या धड्याचे प्रश्न मिळून काढू.