तुझ्या जंगलात बोटं जात नाहीत

प्रिय दोस्ता,

टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळासाठी केलेल्या तुझ्या जंगलाचे फोटो पाहिले. झाडं सुरेख, पण जंगल काही झालेलं नाही. एकाच उंचीची, एकाच हिरव्या रंगाची बारा झाडं बेसवर पक्की चिकटवलीस. आता त्यात २८ मिलिमीटरचा सैनिक ठेवायला बोटं कुठून घालणार? फांदी तरी मोडेल, नाहीतर रायफलची नळी. जंगलाची हद्द एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीच्या) तुकड्याने ठरू दे. झाडं सुटी ठेव, बुडाशी लोखंडी वॉशर चिकटव. डाव रंगात आला की उचलून बाजूला ठेवता येतात.

खोडांसाठी तारांचे सांगाडे ऑनलाइन मागवू नकोस भो! बांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग पडलेत की. शेंड्याकडच्या फांद्या घे. उपटलेल्या पऱ्हाटीचं मूळही टाकू नकोस, उलटं उभं केलं की वठलेलं झाड तयार. फक्त राहिलेली बोंडं आधी काढून टाक, त्यात गुलाबी बोंडअळी दडलेली असते.

खरी मेहनत जमिनीवर कर. तुझा डाव १९४४ च्या ब्रह्मदेशातला, आणि तिथलाही साग आपल्या सागासारखा उन्हाळ्याआधी पानं गाळतो. एकदा पालच्या बाजूला सातपुड्यात जाऊन ये. वर आभाळ उघडं, खाली पाऊल टाकलं की करकर. हिरवं कमी, तपकिरी जास्त. फूटभर लांबीचं सागाचं पान आपल्या १:५६ च्या मापात जेमतेम ५-६ मिलिमीटरचं होतं. वाळक्या केळीच्या पानाचे तेवढे तुकडे कापून टाक, मधे चहाचा चोथा पेर.

चोथ्यावरून आठवलं. पहिल्या वेळी मी घरच्याच चहाचा वापरला, दूध-साखरेसकट. चार दिवसांत मुंग्यांनी अख्खं रान ताब्यात घेतलं, उरलं ते पावसाळ्यात बुरशीने. आता तीन पाण्यांनी धुतो आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवतो. जळगावच्या उन्हाचा तेवढाच काय तो उपयोग.

वरून निम्मं पाणी घातलेला फेविकॉल सोड. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाक, नाहीतर तो चोथ्यावर मण्यांसारखा उभा राहतो, आत मुरत नाही.

पुढचा फोटो वरून नको, टेबलाला गाल टेकवून सैनिकाच्या उंचीवरून काढ.

पऱ्हाटी हवी असेल तर गोणी घेऊन होळीच्या आत ये. नंतर सगळी चुलीत गेलेली असते.

तुझा,
काका