जपानी ग्रीन टीची पाने बारीक आणि तुटलेली असतील, तर तो चहा हलक्या प्रतीचा समजावा का?

नाही, सेन्चा या जपानमधल्या सर्वाधिक प्रचलित ग्रीन टीच्या पाकिटात लांब पानांऐवजी बारीक तुकडे आणि तळाशी भुकटी दिसली, एवढ्यावरून तो हलका माल ठरत नाही, कारण पानाचा आकार प्रतीपेक्षा प्रक्रियेबद्दल अधिक सांगतो. जपानमध्ये खुडलेली पाने लगेच वाफवतात: नेहमीच्या सेन्चाला ही वाफ साधारण ३० ते ४० सेकंद मिळते आणि वळल्यावर पाने सुईसारखी लांब राहतात, तर ‘फुकामुशी’ प्रकारात ती एक ते दोन मिनिटे दिल्याने पान इतके मऊ पडते की वळताना आणि वाळवताना ते तुटतेच. जपानच्या शिझुओका प्रांतातील माकिनोहारा परिसराची ओळख असलेला हा चहा कपात गढूळसर, गर्द हिरवा उतरतो आणि त्याचा तुरटपणा कमी लागतो. तो बारीक जाळीच्या गाळणीतून गाळावा, नाहीतर शेवटचा घोट चोथ्याचाच. सुशीबरोबर मिळणारा ‘कोनाचा’ मात्र खरोखरच चाळून वेगळा काढलेला चुरा असतो आणि स्वस्तही असतो, पण तोदेखील चांगल्या पानाचा असेल तर चवीला दमदार लागतो. उलट, मोठे पान हे चांगल्या प्रतीचे लक्षण नव्हे: ‘बान्चा’ची रुंद, जाडसर पाने उशिरा खुडलेली, जून असतात आणि त्यांत गोडसर चव देणारे थिअनिन कमी असते. तुलना मात्र एकाच प्रकारात करावी; ग्योकुरो (सावलीत वाढवलेल्या झुडपांचा उंची ग्रीन टी) किंवा कमी वाफवलेल्या सेन्चात चुरा जास्त निघाला, तर हाताळणी किंवा चाळणी नीट झाली नसल्याची शंका रास्त आहे.