दोन वर्षं एकत्र राहिलेले ससे अचानक एकमेकांवर तुटून पडायला लागलेत. भांडून भांडून आपोआप जमतील का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: नर-मादी, दोघांची नसबंदी झालेली, दोन वर्षं एकमेकांना चाटत बसणारी जोडी. मादीला दातांच्या उपचारासाठी एक रात्र व्हेटकडे ठेवलं, आणि ती परत आल्यापासून नर तिच्या अंगावर धावून जातोय. घरचे म्हणतात, एकत्रच राहू द्या, होईल सवय.

होणार नाही. आजच वेगळे करा. सशाची कातडी पातळ आणि दात धारदार. कान फाटणं, डोळ्याला इजा होणं, गुप्तांगाला चावा बसणं हे सगळं काही क्षणांत होऊन जातं. शिवाय प्रत्येक भांडणाबरोबर पुन्हा जमण्याची शक्यता कमी होत जाते.

अर्थात प्रत्येक झटापटीला घाबरायचं कारण नाही. थोडा पाठलाग, अंगावर चढणं, तोंडात चार केस येणं चालतं. फक्त तोंडाच्या बाजूने चढत असेल तर लगेच बाजूला करा, कारण खालचा नेमका नको तिथे चावतो. खरी धोक्याची खूण म्हणजे कान मागे पाठीला चिकटलेले, शेपूट वर, अंग ताठ, आणि दोघं एकमेकांभोवती गोल फिरायला लागतात. पुढच्या क्षणी केस उडतात आणि कुठला कोण तेही कळत नाही. तेव्हा हात घालू नका. जाड टॉवेल टाका किंवा मध्ये सुपली सरकवा.

वेगळे केल्यावर दोघांचेही केस बोटांनी बाजूला करून कातडी बघा. दाताचं बारीक भोक वरून बुजतं आणि आत पू साठतो. सशाचा पू घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही; तिथे व्हेटच लागतो. घरात उरलेली अँटिबायोटिक्स देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं औषध तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यात ससाही दगावू शकतो. आणि कोणी अर्धा दिवस काही खाल्लं नाही, लेंड्याही दिसल्या नाहीत, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता हे झालं कशामुळे? बहुतेक लोक वासाचं कारण सांगतील, आणि ते बरोबरच आहे. ससे एकमेकांना बरंचसं वासावरून ओळखतात. ती औषधांचा आणि परक्या जनावरांचा वास घेऊन आली. (पुढच्या वेळी दोघांना एकाच कॅरियरमधून न्या, उपचार एकाचाच असला तरी.) पण मला जास्त संशय दुखण्याचा येतो. जमलेल्या जोडीत एक जण डोकं खाली घालून दुसऱ्याच्या हनुवटीखाली सरकवतो, म्हणजे 'मला चाट'. एरवी ती चाटत असेल. आता तोंड दुखतंय म्हणून ती मान वळवते किंवा दचकते, तो चिडून चावा घेतो, आणि तिथून पेटतं. जोवर तिचं दुखणं शमत नाही तोवर जोडी जमवण्याच्या फंदात पडू नका.

ज्यांच्या सशांची नसबंदी झालेली नाही त्यांनी आधी तीच करून घ्यावी. तीन ते सहा महिन्यांच्या वयात सख्खी भावंडंही एकमेकांच्या जिवावर उठतात. ऑपरेशननंतरही नराला मादीपासून सहा आठवडे लांब ठेवायचं, कारण तेवढ्या काळात पिल्लं होऊ शकतात.

तुमच्या जोडीसाठी: शेजारी-शेजारी दोन कुंपणं, पण दोन जाळ्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा, नाहीतर जाळीतून नाकाचा चावा घेतील. लिटर ट्रे आणि पांघरुणं न धुता अदलाबदल करत राहा. पालेभाजी दोघांना एकाच वेळी, जाळीच्या दोन्ही बाजूंना द्या. दोघं जाळीला लागून निवांत पसरायला लागले की पुढची पायरी: दोघांपैकी कोणीच आपली मानलेली नाही अशी जागा. बाथरूम चालतं, पण खाली चटई हवी. पाय घसरला की ससा बिथरतो. गवताचे दोन-तीन ढीग ठेवा. एकच तोंड असलेलं खोकं नको, आत अडकलेला हमखास मार खातो. भेट छोटी ठेवा आणि सगळं शांत असतानाच संपवा.

लगेच गळ्यात गळे पडतील अशी अपेक्षा करू नका. एकाने दुसऱ्याकडे पाठ करून निवांत तोंड धुवायला घेतलं, तर तो दिवस चांगला गेला असं समजा.

गाडीतून फिरवणं, आंघोळ घालणं हे उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. मी त्यांच्या विरोधात आहे. घाबरलेले ससे एकमेकांना चिकटतात, त्याला मैत्री म्हणत नाहीत, आणि भिजवल्याने ससा धक्क्याने मरूही शकतो.

किती दिवस लागतील? काही जोड्या थोड्या दिवसांत जमतात, काहींना महिने लागतात, काही कधीच जमत नाहीत. नाहीच जमली तर जाळीच्या दोन बाजूंना कायमचे शेजारी म्हणून राहू द्या. वास आणि सोबत दोन्ही मिळते.

पण हे सगळं नंतर. आज फक्त तिला वेगळी ठेवा, ती सुकं गवत नीट चावतेय का ते जवळ बसून बघा, आणि तोंडातून लाळ गळत असेल किंवा घास टाकून देत असेल तर व्हेटला तसं स्पष्ट सांगा.