कणकेशी पहिला खेळ

मुलांना खेळण्यासाठी कणीक पहिल्यांदा करत असाल तर 2 वाट्या मैदा, अर्धी वाटी मीठ आणि 1 मोठा चमचा तेल एकत्र करून त्यात कोमट पाणी थोडे थोडे घालत गोळा मळावा; तो बोटांना चिकटेनासा झाला की थांबावे. मिठामुळे गोळा टिकतो, पण तेच मीठ पोटात जास्त गेल्यास लहान मुलाला गंभीर अपाय होऊ शकतो, आणि कच्च्या पिठातही रोगजंतू असू शकतात. म्हणून जे मूल अजून प्रत्येक वस्तू तोंडात घालते, त्याच्या हाती हा गोळा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या मुलाजवळही आपण बसूनच राहावे.

सुरुवातीला साचे, लाटणे काहीच देऊ नका. माझ्या मुलीने पहिल्या दिवशी केवळ एक बोट खुपसले, पडलेला खळगा बराच वेळ न्याहाळला आणि मग शेजारी दुसरा केला. त्या वेळी मी मध्येच फूल करून दाखवले असते, तर तिचा शोध तिथेच थांबला असता. एखादे मूल हात लावायलाच कचरते, तेव्हा आग्रह न करता त्याच्या हाती चमचा द्यावा. खेळानंतर हात धुवावेत आणि गोळा हवाबंद डब्यात ठेवावा. वास बदलताच तो टाकून द्यावा.